पोटखराब्यातील वसंत

सह्याद्रीवरील फुले म्हटली की हल्ली सर्वांस साताऱ्याजवळील कासचे पठार तेवढे आठवते. सन २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटास जागतिक वारशाचा मान दिला, व त्यात महाराष्ट्रातील कोयना, चांदोली आणि राधानगरी यांजबरोबर कासचाही समावेश झाला. तेथे भाद्रपदात लोटणारी गर्दी पुढे इतकी वाढली की रोज किती माणसे आत सोडावी यास मर्यादा घालणे भाग पडले. लोकांस रानफुलांची आवड उत्पन्न झाली ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु या आवडीत दोन वैगुण्ये आम्हांस दिसतात. पहिले हे की, डोंगर फुलतो तो पावसाळ्याच्या अखेरीसच, असा एक समज रूढ होत चालला आहे. दुसरे हे की, रानफूल म्हणजे दूर कोठे तरी जाऊन, शुल्क भरून पाहावयाची वस्तू, अशी आमच्या शेतकरी बंधूंचीही समजूत होत आहे. वस्तुतः सह्याद्रीस वर्षातून दोन बहर येतात. एक पावसाचा व दुसरा वसंताचा. आणि हा दुसरा बहर पाहण्यास कोठेही जावे लागत नाही. तो आपल्याच सातबाऱ्यावर, आपल्याच नावे लागलेल्या जमिनीत, पोटखराबा या रकान्यात दडलेला असतो.

पोटखराबा हा शब्द खातेदार वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. सन १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जमीनमोजणीच्या व आकारणीच्या ज्या पद्धतीचा पाया घातला, तिच्याच परंपरेने सर्व्हे नंबरातील जो भाग पिकास निरुपयोगी ठरला तो खराबा म्हणून वेगळा काढण्यात आला, व त्यावर आकार बसविण्यात आला नाही. खडक, कातळ, उतार, मुरमाड टेकाड, खळ्याची जागा, असे हे क्षेत्र. आम्ही आमची हयात महसुली कारकुनीत घालविली. त्या काळात हा शब्द आम्ही किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. परंतु खरे सांगावयाचे तर, लिहिताना मान वर करून त्या जमिनीकडे पाहिले असे फारच थोड्या वेळा घडले. ज्यास आकार नाही त्यास किंमत नाही, असा दप्तराचा न्याय. आणि तोच न्याय नकळत आमच्या डोळ्यांसही लागला होता. सेवेतून निवृत्त झाल्यावर पायी फिरण्याची सवय लागली, तेव्हा कळून आले की, ज्या जमिनीस आम्ही आयुष्यभर खराब म्हणत आलो तिच्यातच गावाचा वसंत शिल्लक राहिला आहे.

फाल्गुनाच्या आरंभी सकाळच्या प्रहरी डोंगराच्या पायथ्यापासून वर चढू लागावे. गवत वाळून पिवळे पडलेले असते, झाडांची पाने गळून गेलेली असतात, व प्रथमदर्शनी सर्व भकास वाटते. परंतु थोडे लक्ष देऊन पाहिल्यास याच भकासपणात रंग उघडा पडलेला दिसतो. काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर जाड, मांसल, पाच पाकळ्यांची लाल फुले लागलेली असतात, व मैना, कावळे, बुलबुल यांची तेथे जत्रा भरलेली असते. पळस तर सर्वांच्या परिचयाचा; परंतु पळस आणि पांगारा यांत घोटाळा करणारे पुष्कळ आहेत. दोहोंची फुले तांबडी व दोहोंस पाने तीन तीन. तथापि पळसाच्या कळीचा देठाकडील पेला काळसर मखमली असतो व त्याच्या अंगास काटे नसतात. पांगाऱ्याच्या फांद्यांस काटे असतात. शेंग पाहिली म्हणजे तर शंकाच उरत नाही. पळसाची शेंग चपटी व तिच्या टोकास एकच बी. पांगाऱ्याच्या शेंगेत अनेक बिया, व जेथे बी तेथे ती फुगलेली.

उन्हाने तापलेल्या खडकाळ उतारावर गणेर, ज्यास कोठे कोठे सोनसावर म्हणतात, तो सोन्यासारख्या पिवळ्या फुलांनी लवतो. त्यास काटे नसतात, एवढ्या खुणेवरून तो काटेसावरीपासून वेगळा ओळखावा. त्याच्याच आसपास धायटीचे झुडूप असते. लांब लवलवीत फांद्या व त्यांवर ओळीने लागलेली बारीक नळीसारखी तांबडी फुले. वैद्य ज्या धायटीच्या फुलांचा उपयोग आसवारिष्टे आंबविण्यास करतात तीच ही. करवंदीच्या जाळीवर पांढऱ्या सुवासिक फुलांचे घोस याच दिवसांत येतात. चैत्रात महाबळेश्वर, माथेरान या बाजूस गेल्यास अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी मढलेल्या आढळतात. जणू फांदीसच फूल चिकटविले आहे. वैशाखात कुडा पांढरा शुभ्र होतो, बहावा पिवळी झुंबरे सोडतो, व कोकणात उतरणाऱ्या ओढ्यांच्या काठी ताम्हण जांभळा फुलतो. हा ताम्हण महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. परंतु शंभर खातेदारांत पाचजणांनी तरी तो ओळखून दाखवावा असे आमचे आव्हान आहे. जमिनीवर पाहावे तो, पानाचा मागमूस नसता कोळकांद्याचा एकच लांब दांडा मातीतून वर आलेला असतो व त्यावर फिकट फुले लागलेली असतात. त्याची पाने मागाहून, पावसाबरोबर येतात.

अंगावर पान नाही, भोवती पाण्याचा थेंब नाही, अशा दिवसांत ही झाडे फुलतात कशी, असा प्रश्न सहज मनात येतो. झाडाच्या दृष्टीने यात मोठा व्यवहार आहे. पाने गळून गेल्याने फूल दुरूनही पक्ष्यांस व माश्यांस दिसते. फाल्गुनात फूल आले म्हणजे चैत्र-वैशाखात बी पिकते, आणि बी खाली पडते न पडते तोच मृगाचा पाऊस येतो. नुकतेच पडलेले ताजे बी, ओली माती, आणि पुढे चार महिने पाणी. याहून चांगला पेरणीचा हंगाम कोणता शेतकरी साधील? साठवणीत ज्यांच्या बियांचा जोर लवकर मरतो अशा करवंदीसारख्या झाडांस तर हाच एक मार्ग आहे. हे वेळापत्रक ज्याने ध्यानात घेतले त्यास रानफूल घरी लावण्याची निम्मी विद्या आली असे समजावे.

उरलेली निम्मी विद्या आम्हांस एका चुकीतून मिळाली, ती येथे सांगणे अवश्य आहे. काही वर्षांपूर्वी फिरतीवर असता ऐन फुलावर आलेले धायटीचे एक झुडूप आम्हांस फार आवडले. बरोबरच्या माणसाकडून कुदळ घेऊन ते खणून काढले, ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणले, व परसातील उत्तम काळ्या मातीत, भरपूर शेणखत घालून लावले. रोज दोन वेळा पाणी घातले. आठव्या दिवशी ते वाळून काडी झाले. आमच्याकडे दूध घालण्यास येणारा एक वृद्ध धनगर ते पाहून म्हणाला, "भाऊसाहेब, मूळ तर खडकातच राहिलं. तुम्ही नुसत्या काड्या आणल्या." त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. डोंगरावरील झुडपाचे मूळ खडकाच्या भेगेतून खोल गेलेले असते. ते कुदळीने पुरते निघत नाही. शिवाय जे जन्मापासून उपाशी राहण्यास सवकलेले आहे त्यास खत आणि पाणी यांचा मारा बाधतो. आम्ही एका झुडपाचा जीव घेतला, आणि त्या उतारावरील जागाही रिकामी केली. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच उतारावरून आणलेल्या चिमूटभर बियांपासून धायटीची जी रोपे झाली ती आज आमच्या कुंपणास उभी आहेत व दर फाल्गुनात फुलतात. तेव्हापासून आमचा नियम ठरून गेला, आणि तोच आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत: डोंगरावरून बी आणावे, मूळ आणू नये.

हा नियम पाळावयाचा तर डोंगराच्या दोन फेऱ्या कराव्या लागतात. एक फेरी फुलासाठी व दुसरी, दीड-दोन महिन्यांनी, बीजासाठी. फुलाच्या वेळी झाड ओळखावे व बीजाच्या वेळी ते पुन्हा सापडावे यासाठी टिपण ठेवणे जरूर आहे. आपण पीकपाहणी करतो, त्याच धर्तीवर ही फूलपाहणी करावी. साध्या वहीत तारीख, जागेची खूण, झाडाची उंची, फुलाचा रंग, पाकळ्यांची संख्या, पाने समोरासमोर की एकाआड एक, देठ तोडल्यास चीक निघतो की नाही, वास कसा, व फुलावर कोण येते, मधमाशी, फुलपाखरू की पक्षी, एवढ्या गोष्टी लिहाव्या. झाडाच्या फांदीस चिंधीचा तुकडा बांधून ठेवावा. घरातील शाळकरी मुलांकडे ही वही सोपविल्यास ती हे काम आपल्यापेक्षा चोख करतात असा आमचा अनुभव आहे. गावातील गुराखी, धनगर, कातकरी, महादेव कोळी यांस झाडांची नावे विचारण्यात संकोच मानू नये. थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो मोठा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, त्यातही स्थानिक नावांची नोंद आहे. म्हणजे विद्वानांनीही गावकऱ्यांस विचारण्यात कमीपणा मानला नाही.

आता घरी लावण्याची रीत. रोपांसाठी दोन भाग साधी माती, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम, व एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण बहुतेक सर्वांस चालते. गणेर, धायटी यांसारख्या खडकाळ जागेच्या झाडांस खत याहूनही कमी घालावे व मुरूम वाढवावा. पिशवीस किंवा कुंडीस खाली भोके असलीच पाहिजेत. पाणी साचले की ही झाडे जगत नाहीत.

पळसाचे बी वैशाख-ज्येष्ठात ताजे गोळा करून लागलीच लावावे. जुने बी फुकट जाते. पळसाचे सोटमूळ फार लवकर खोल जात असल्याने रोप एका जागेवरून दुसरीकडे हलविणे त्यास मानवत नाही. याकरिता जेथे झाड हवे तेथेच, बांधावर वीतभर खड्डा करून, दोन दोन बिया टोकाव्या. पहिली काही वर्षे उन्हाळ्यात वरचा शेंडा वाळतो व मालक निराश होतो. परंतु त्या काळात मूळ खाली जाड होत असते, आणि पुढे एके वर्षी जो फुटवा येतो तो टिकतो. सबब पळस लावणाऱ्याने धीर धरावा.

काटेसावरीची बोंडे चैत्र-वैशाखात फुटू लागतात. ती उकलण्याच्या सुमारास काढून, कापूस वेगळा करून बी घ्यावे व मृगाच्या आधी पेरावे. गणेराचे बीही असेच कापसात गुरफटलेले असते, परंतु त्याचे कवच टणक असल्याने ते खरबरीत दगडावर हलके घासून रात्रभर भिजत घालावे. गणेराची पाने गळाल्यावर त्यास पाणी देऊ नये. त्या दिवसांत ओल राहिली की मूळ कुजते. पांगाऱ्यास बियाण्याचीही गरज नाही. मनगटाएवढी फांदी तोडून पावसाच्या तोंडावर जमिनीत रोवली की ती जगते. मिरीचे व पानाचे वेल चढविण्यास आमचे लोक पूर्वीपासून हीच युक्ती करीत आले आहेत.

बहाव्याच्या झाडाखाली वैशाखात उभे राहिल्यास एक गंमत दिसते: वर यंदाची फुले व त्यांच्यामध्येच गतवर्षीच्या हातभर लांब काळ्या शेंगा. म्हणजे येथे फुलाची व बीजाची फेरी एकाच दिवशी साधते. शेंग फोडून बिया धुऊन घ्याव्या, त्यांवर कढत पाणी ओतावे व ते निवेपर्यंत आणि पुढे रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी ज्या बिया फुगल्या असतील त्या लावाव्या. उरलेल्या दगडावर घासून पुन्हा भिजवाव्या. धायटीचे बी धुळीसारखे बारीक असते. ते मातीत पुरू नये. कुंडीतील चाळलेल्या मातीवर नुसते भुरभुरावे, आणि झारीने पाणी न घालता कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. करवंदाची पिकलेली फळे मुलांनी खाल्ली की बिया जमा कराव्या, गर धुऊन टाकावा व त्याच आठवड्यात पेराव्या. करवंदीचे कुंपण गुरे भेदू शकत नाहीत, तिला विशेष पाणी लागत नाही, आणि ती फूल, फळ व लोणचे देते. तारेच्या कुंपणास जो खर्च येतो तो मनात आणून याचा विचार करावा.

ज्या वनस्पतींचे बी घरी उगवत नाही त्यांचा लोभ सोडून द्यावा. अमरी, म्हणजे झाडांच्या फांद्यांवर वाढणारी सीतेच्या वेणीसारखी जात, पाहणारास मोह घालते. परंतु तिचे बी धुळीहून बारीक असून त्यात अंकुराच्या पोषणाचा साठा नसतो. एका विशिष्ट बुरशीचे साह्य मिळाले तरच ते रुजते. म्हणून डोंगरावरून ओरबाडून आणलेली वेणी म्हणजे तेथे कमी झालेली वेणी, असाच हिशेब होतो. ती जेथे आहे तेथेच पाहावी. भुईचाफा, जो चैत्र-वैशाखात पान नसता जमिनीलगत फुलतो, तो हवा असल्यास शेजाऱ्याच्या बागेतून अगर रोपवाटिकेतून त्याचा गड्डा आणावा. घरोघरी तो लावीत आलेले आहेत. कोळकांदा तर विषारी आहे. त्याने हृदयावर अनिष्ट परिणाम होतो. तो घरी आणून मुलांच्या व गुरांच्या वाटेत ठेवू नये.

उलटपक्षी, डोंगरावर जे फुललेले दिसते ते सर्वच आपले नव्हे, हेही लक्षात ठेविले पाहिजे. घाणेरीची रंगीत गुच्छेदार फुले, रानमोडीची पांढुरकी फुले ही परदेशांतून आलेल्या झुडपांची असून ती आपल्या झाडांची जागा बळकावीत चालली आहेत. घाणेरी गुरांस विषारी आहे. अशांचे बी घरी आणणे म्हणजे गाजरगवतास आमंत्रण देण्यासारखेच होय. आणखी एक गोष्ट कायद्याची. वर सांगितलेले सर्व आपल्या मालकीच्या जमिनीबद्दल आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ यात वनोपज या संज्ञेखाली वनातील फुले, फळे, वेली व गवतही येतात. सबब राखीव वनात जाऊन परवानगीवाचून काही काढू नये. आणि आपल्या जमिनीतही एका झाडाचे सर्व बी काढू नये. दहांतील एक घ्यावे, नऊ पाखरांस व मातीस ठेवावे.

येथे कोणी म्हणेल की, हा सर्व हौसेचा प्रकार झाला. शेतकीच्या मासिकात यास स्थान काय? याचे उत्तर मधमाशी देईल. कांद्याचे बियाणे धरणारे शेतकरी, डाळिंबवाले, काकडी-भोपळ्याचे मळेवाले आज परागसिंचनासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणू लागले आहेत. एके काळी हेच काम सातेरी, आग्या व फुलोरी या माश्या विनामूल्य करीत असत. परंतु माशीस आपले पीक फुलते तेवढेच पंधरा दिवस जगावयाचे नसते. तिला बारा महिने खावयास हवे. रब्बीची फुले संपल्यावर पाऊस पडेपर्यंतचा जो कठीण काळ, त्यात तिचा आधार म्हणजे हीच डोंगरावरची फुले: काटेसावर, धायटी, करवंद, अंजनी. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव सन २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. त्या गावाचे मध हे पीक शेतात नव्हे तर भोवतालच्या रानात फुलते. ज्या शिवारातील पोटखराबा फुलांसह नाहीसा झाला त्या शिवारात माशी राहणार नाही, आणि मग पेट्यांचे भाडे हा शेतीच्या खर्चात कायमचा एक रकाना होऊन बसेल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. सन २०१८ मध्ये शासनाने नियमांत दुरुस्ती करून 'अ' वर्गाचा पोटखराबा खातेदाराने लागवडीस आणल्यास त्याची तशी नोंद व आकारणी करण्याची वाट मोकळी केली. या दुरुस्तीस आमचा विरोध नाही. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी घाम गाळून खराब्याची उत्तम जमीन केलेली होती, पण दप्तरात ती खराबच राहिल्याने कर्ज, पीकविमा व भूसंपादनाचा मोबदला यांत त्यांचे नुकसान होत असे. ज्यांच्या वाट्यास भाऊबंदकीनंतर एकर-दीड एकर उरले त्यांस दहा गुंठेही मोलाचे आहेत, हे आम्ही जाणतो. सातबाऱ्यावरील क्षेत्र पिढीगणिक कसे तुटत जाते हे आमच्या हातूनच लिहिले गेले आहे. परंतु या मुभेचा अर्थ, सर्व खराबा फोडलाच पाहिजे, असा होत नाही. हल्ली तासाच्या भाड्याने जेसीबी यंत्र मिळते. एका दिवसात टेकाड सपाट होते, आणि पुष्कळदा फाल्गुन-चैत्रातच, म्हणजे झाड फुलावर असता व बी अद्याप पिकले नसता, हे काम उरकले जाते. आमच्या पाहण्यात एका खातेदाराने असा एक मुरमाड उतार फोडून त्यावर बाहेरची माती आणून टाकली. त्या उतारावरील करवंदी, धायटी व पळस गेले. पहिल्याच वळवाच्या पावसाने ती माती वाहून खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत गेली, व पुढे दोन्ही घरांत बोलणे राहिले नाही. खराब्यातून शेत झाले नाही ते नाहीच. खराबा मात्र खरोखरीचा खराब झाला.

याकरिता आमची सूचना मध्यम मार्गाची आहे. ज्या खराब्यात माती आहे, उतार सौम्य आहे, तो खुशाल वहितीस आणावा. परंतु जेथे खडक उघडा आहे, उतार तीव्र आहे, किंवा ओढ्याचा काठ आहे, तो तुकडा जसाच्या तसा राखावा. त्यापासून येणारे पीक खर्चास पुरत नाही, आणि त्याच्या झाडोऱ्याने अडविलेली माती मात्र खालच्या शेतास उपयोगी पडते. यंत्र बोलाविण्यापूर्वी फाल्गुनापासून वैशाखापर्यंत त्या तुकड्यावरून निदान दोनदा पायी फिरावे. काय फुलते ते लिहावे. बी गोळा करावे. आणि मग निर्णय करावा. फोडणे अटळच असले तर तेथील झाडांचे बी बांधावर व कुंपणास आधी लावून मगच फोडावे. तसेच फाल्गुनात गवत जाळण्याची जी चाल आहे ती बंद करावी. जाळल्याने पुढील वर्षी गवत चांगले येते अशी समजूत आहे; परंतु त्या वणव्यात गतसालची लहान रोपे, जमिनीवर पडलेले बी व झाडावरील मोहोर एकदमच जातात, उघडी पडलेली माती पहिल्या पावसात धुपते, आणि उरते ते केवळ आगीस दाद न देणारे कुसळ.

आपल्या अंगणाकडेही एकदा दृष्टी टाकावी. बहुतेक घरांपुढे गुलमोहर उभा असतो. तो झाड म्हणून वाईट नाही. पण तो मूळचा मादागास्कर बेटातला. ज्या वैशाखात तो फुलतो त्याच वैशाखात बहावा फुलतो, आणि बहावा आपल्याच डोंगराचा आहे. परदेशच्या झाडास दाराशी जागा दिली आणि घरच्यास पोटखराब्यात ठेविले; तेथूनही आता त्यास हुसकून लावीत आहो. हे न्यायाचे नव्हे.

प्रत्येक खातेदाराने यंदाच्या वसंतात आपल्या खराब्यातून एकाच जातीचे बी आणावे व मृगाच्या आधी आपल्या बांधावर लावावे, एवढेच आमचे मागणे आहे. खर्च काही नाही. श्रम दोन सकाळचे. दप्तरात त्या जागेपुढे पोटखराबा हाच शब्द राहील, व राहू द्यावा. त्यावर आकार नाही ही गोष्ट शेतकऱ्यास सोयीचीच आहे. परंतु जो शब्द आम्ही इतकी वर्षे खाली मान घालून लिहिला, त्याचा अर्थ दप्तरात सापडत नाही, तो जागेवर जाऊन पाहावा लागतो, एवढे आम्ही उशिरा शिकलो. वाचकांनी तरी उशीर करू नये.